संसर्गजन्य, संक्रामक, लागण: धनुर्वाताला नेमके काय म्हणावे?

कलमदान
धनुर्वाताविषयीच्या एका माहितीपत्रकाचे भाषांतर करताना एका वाक्यापाशी अडले आहे. हा रोग 'इन्फेक्शस' आहे, पण 'कंटेजियस' नाही, असे मूळ इंग्रजीत म्हटले आहे. आपण दोन्ही शब्दांना सर्रास 'संसर्गजन्य' म्हणतो, त्यामुळे पहिल्या खर्ड्यात 'हा रोग संसर्गजन्य आहे, परंतु संसर्गजन्य नाही' असे वेदान्ती वाक्य तयार झाले. आशयाबद्दल शंका नाही. धनुर्वाताच्या जीवाणूंचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या विष्ठेत असतात. ते जखमेतून शरीरात शिरतात, प्राणवायू न पोचणाऱ्या खोल भागात वाढतात आणि तेथे तयार होणारे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते, मात्र रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याला त्याच्यापासून हा रोग होत नाही. हा भेद दाखवणारी शब्दांची जोडी मराठीत आहे का?

दीर्घ वेलांटी
जोडी होती, आपण ती मोडली. 'संसर्ग' म्हणजे संपर्क, सहवास. 'संसर्गजा दोषगुणा भवन्ति' या वचनाचा संबंध जंतूंशी नाही, संगतीशी आहे. तेव्हा संसर्गजन्य म्हणजे संपर्कातून उद्भवणारा, म्हणजेच नेमका 'कंटेजियस', आणि त्या अर्थाने धनुर्वात संसर्गजन्य नाहीच. 'इन्फेक्शन'ला संसर्ग म्हणण्याची सवय आळसातून लागली आहे. जखम चिघळली की 'संसर्ग झाला' म्हणायचे आणि तो कोणाशी झाला हे विचारायचे नाही. आपले वाक्य 'धनुर्वात जंतुजन्य आहे, पण संसर्गजन्य नाही' असे असावे.

काचपट्टी
सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत असल्याने 'जंतुजन्य' या शब्दाला हरकत घेणे मला भाग आहे. काही जीवाणू अन्नातच वाढतात आणि तेथेच विष तयार करतात. स्टॅफिलोकॉकसचे विष तर अन्न पुन्हा गरम करून जीवाणू मेले तरी टिकून राहते, आणि खाणाऱ्याला काही तासांतच उलट्या सुरू होतात. हा आजार जंतुजन्य खराच, पण तो 'इन्फेक्शन' नव्हे, कारण जंतूंनी त्या माणसाच्या शरीरात बस्तान मांडलेलेच नसते. उलट आपल्या आतड्यांत आणि त्वचेवर असंख्य जीवाणू कायम नांदतात, त्यालाही कोणी 'इन्फेक्शन' म्हणत नाही. रुग्णालयांत 'संसर्ग' हा शब्द आज या सगळ्या बारकाव्यांसह 'इन्फेक्शन'च्या अर्थाने रुळलेला आहे, आणि 'मूत्रमार्गाचा संसर्ग' म्हटल्यावर कोणाच्याही मनात मूत्रमार्गाच्या संगतीचा विचार येत नाही. व्युत्पत्ती काहीही असो, अर्थ वापरातून ठरतो.

दीर्घ वेलांटी
वापरच अर्थ ठरवतो असे मानले, तर कलमदान यांच्या पहिल्या खर्ड्यात काहीच चूक उरत नाही. त्यांची अडचण वापरानेच निर्माण केली आहे. ती वापराचे दाखले देऊन कशी सुटणार?

जुनी परिचारिका
माझ्या नोकरीची बरीच वर्षे साथीच्या रोगांच्या कक्षात गेली. तेथे नातेवाईक एकच प्रश्न विचारत: 'हा एकाचा दुसऱ्याला होतो का?' धनुर्वाताच्या बाबतीत आम्ही 'होत नाही' असे सांगत असू आणि खोलीत उजेड व आवाज कमी ठेवा, कारण लहानशा आवाजानेही रुग्णाला झटके येतात, एवढे बजावत असू. माहितीपत्रकात 'एकाचा दुसऱ्याला होत नाही' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला शब्दकोश उघडावा लागणार नाही. आमच्या बोलण्यात 'लागण' हा शब्दही असे, पण तो जपून वापरावा लागे. क्षयाच्या चाचणीनंतर 'लागण आहे' एवढे शब्द कानी पडले की घरची माणसे त्या व्यक्तीची भांडी वेगळी करत. वास्तविक ती आजारी नसे आणि तिच्यापासून कोणाला काही होण्याचा संभवही नसे.

आडवाट
'लागण' या शब्दापाशी थोडे थांबावे, असे मला वाटते. हात लागतो तेव्हा स्पर्श होतो आणि उसाची लागण होते तेव्हा कांडी मूळ धरते. रोगाची लागण ही शेतातूनच आली असावी, असे माझे फार दिवसांचे मत आहे. पुरावा मागितल्यास मी गप्प बसेन. लॅटिनमध्ये 'कंटेजियस'च्या मुळाशी स्पर्श आहे, तर 'इन्फेक्शस'च्या मुळाशी द्रवात बुडवणे, रंगवणे, डागाळणे आहे. आपल्याकडे स्पर्शाच्या घराण्यातले शब्द भरपूर आहेत, परंतु बुडवण्या-रंगवण्यापासून रोगाकडे गेलेला शब्द मला आठवत नाही, आणि इंग्रजीतली जोडी मराठीत फुटते ती बहुधा इथेच.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, 'लस' हा शब्दही असाच शरीरातून आलेला आहे. जखमेतून किंवा फोडातून पाझरणारा पातळ द्रव म्हणजे लस. जेन्नरने 1796 मध्ये गवळणीच्या हातावरील गोस्तनदेवीच्या फोडातला द्रव एका मुलाच्या दंडात टोचला, आणि पुढे बराच काळ एकाच्या दंडावरील फोडातली लस दुसऱ्याला टोचण्याची पद्धत होती. आता प्रयोगशाळेत घडवलेल्या रेणूंनाही आपण लसच म्हणतो, ज्यात कुठलाही फोड पाझरलेला नसतो, आणि त्याबद्दल एकाही शुद्धिवाद्याने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. देवीच्या रोगाचे उच्चाटन झाल्याचे 1980 मध्ये जाहीर झाले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी लस टोचण्याला 'देवी काढणे' हाच शब्दप्रयोग राहिला.

काचपट्टी
आडवाट यांची व्युत्पत्ती खरी असो वा नसो, क्षयाच्या बाबतीत ती चपखल बसते. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयजंतूंची लागण झालेली असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतील 5 ते 10 टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षयरोग होतो. बाकीच्यांत बी पडून राहते, उगवत नाही. म्हणून माझी सूचना अशी की 'इन्फेक्शन'ला 'लागण' म्हणावे आणि 'कंटेजियस'ला 'संक्रामक'. मग 'धनुर्वाताची लागण होते, पण तो संक्रामक नाही' हे वाक्य निर्दोष ठरते.

दीर्घ वेलांटी
'संक्रामक' आणि 'संक्रमण' हे शब्द हिंदी वृत्तवाहिन्यांवरून आपल्या अंगणात आले आहेत. मराठीत संक्रमण होते ते सूर्याचे, आणि समाजाचा असतो तो संक्रमणकाळ.

आडवाट
हे शब्द वृत्तवाहिन्यांच्या पुष्कळ आधीचे आहेत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठ, ज्वर, शोष आणि नेत्राभिष्यंद यांची नावे घेऊन 'औपसर्गिकरोगाश्च संक्रामन्ति नरान्नरम्' असे म्हटले आहे, आणि त्याआधी अंगाचा स्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शय्या व आसन, वस्त्रे, माळा आणि उटणे अशी कारणांची यादीही दिली आहे. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाणे याला तेथे 'संक्रम' हाच धातू योजला आहे. हिंदीने तो वापरात ठेवला एवढाच तिचा अपराध.

दीर्घ वेलांटी
त्याच ओळीत 'औपसर्गिक' हा तयार शब्दही आहे, तो का घेऊ नये? 'उपसर्ग पोहोचणे' हा प्रयोग मराठीत जिवंत आहे.

काचपट्टी
माहितीपत्रकात 'औपसर्गिक' असे छापले, तर वाचक प्र, परा, अप, सम् यांची यादी आठवू लागेल.

कलमदान
सर्वांचे आभार. परिचारिकाबाईंचे वाक्य मी मजकुरात घेणारच होते, परंतु त्याच पानावर एक तक्ताही आहे. त्यात डावीकडे रोगांची नावे आहेत आणि वर हे दोन शब्द शीर्षक म्हणून हवे आहेत, खाली फक्त 'होय' किंवा 'नाही' लिहायचे आहे. गोवराला दोन्ही रकान्यांत 'होय' येते आणि धनुर्वाताला एकात 'होय', दुसऱ्यात 'नाही'. हिवतापाशी आल्यावर माझी लेखणी पुन्हा थबकली.

जुनी परिचारिका
हिवताप एकाचा दुसऱ्याला होतो, पण डासामार्फत. रुग्णाजवळ बसणाऱ्याने घाबरू नये, मात्र रुग्णाला मच्छरदाणीत ठेवावे, असे आम्ही सांगत असू. तो डास रुग्णाला चावला, तरच पुढे दुसऱ्याला धोका.

काचपट्टी
त्यामुळे सुश्रुताचे 'नरान्नरम्' हिवतापाला अर्धेच लागू पडते. रोनाल्ड रॉस यांना 1897 मध्ये अ‍ॅनोफिलिस डासाच्या जठराच्या भित्तीवर परजीवी सापडले, तेव्हा माणूस आणि माणूस यांच्यामधला हा तिसरा मुक्काम दिसला. इंग्रजी तक्त्यात हिवतापाच्या 'कंटेजियस' रकान्यात 'नाही' असेच असेल. मराठीत 'संक्रामक' शीर्षक ठेवले, तर मात्र 'होय' लिहावेसे वाटेल, कारण रोगाचे संक्रमण होतेच आहे. माझी कालची सूचना या एका ओळीपुरती लंगडी पडते, पण गोवर आणि धनुर्वात यांच्यासाठी ती अजूनही सर्वांत सोयीची आहे.

दीर्घ वेलांटी
'स्पर्शजन्य' असे शीर्षक ठेवावे. हिवतापाला 'नाही' येईल.

काचपट्टी
मग गोवरालाही 'नाही' लिहावे लागेल. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तेथील हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतात. ज्याने रुग्णाला पाहिलेलेही नाही, त्याला गोवर होऊ शकतो, आणि इतका झपाट्याने पसरणारा दुसरा रोग क्वचितच सापडेल. त्याला 'स्पर्शजन्य नाही' म्हणून स्वस्थ बसणारा वाचक आपल्याला नको आहे.

कलमदान
तक्त्याखाली एक टीपही आहे, ती येथेच विचारून घेते. धनुर्वात माणसाकडून माणसाकडे जात नाही, त्यामुळे इतरांनी लस घेतल्याचा आपल्याला काहीही लाभ होत नाही. प्रत्येकाने स्वतः लस घ्यावी लागते, आणि रोगातून बरे झालेल्यानेही ती घ्यावी, कारण हा रोग होऊन गेल्याने प्रतिकारशक्ती येत नाही. याचा सारांश 'धनुर्वाताला सामूहिक प्रतिकारशक्ती लागू नाही' असा केला तर चालेल का?

जुनी परिचारिका
त्यात एक अपवाद नोंदवावा. गर्भवतीला लस दिली की तिच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोचतात, आणि नाळेच्या जखमेतून होणाऱ्या धनुर्वातापासून नवजात बाळाचा बचाव होतो. इथे एकाची लस दुसऱ्याच्या कामी येतेच.

दीर्घ वेलांटी
अपवाद मान्य, शब्द अमान्य. ज्याने लस घेतलेली नाही आणि ज्याला रोगही होऊन गेलेला नाही, त्याच्या अंगी कोणतीच शक्ती नसते. भोवतालच्या लोकांमुळे रोग त्याच्यापर्यंत पोचत नाही, इतकेच. समूहाला शक्ती असते असे सुचवणारा शब्द अशा माणसाला फसवी खात्री देतो. 'समूहसंरक्षण' म्हणावे.

काचपट्टी
'समूहसंरक्षण' हा शब्द वाचून मला तरी प्रथम पोलीस बंदोबस्त आठवला. 'सामूहिक प्रतिकारशक्ती' वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचली आहे, ती आता मागे घेणार कशी?