ना घाम, ना हुडहुडी: परदेशात कुठे मुक्काम हलवावा?

अर्धीबाही

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही दोघंच, पन्नाशी ओलांडलेले. माझं काम लॅपटॉपवरचं आहे, अजून आठ-दहा वर्षं तरी चालेल. नवरा लवकर निवृत्त झाला. मला उकाडा सोसत नाही. पारा 30 च्या वर गेला की डोकं धरतं आणि रात्रभर झोप नाही. नवऱ्याला थंडी सोसत नाही. 10 च्या खाली गेलं की सांधे धरतात, शिवाय लहानपणापासूनचा दमा आहेच. म्हणजे दोघांचं मिळून साधारण 12 ते 27 एवढ्या पट्टीत बारा महिने राहता येईल अशी जागा हवी आहे.

दोन महिने बसून सरासरी तापमानांचा मोठा तक्ता केलाय. त्यातून उरलेली नावं: लिस्बन, फुंचाल (पोर्तुगालचं मदैरा बेट), लास पाल्मास (स्पेनची कॅनरी बेटं), मेडेयीन (कोलंबिया), क्वेंका (इक्वाडोर), ऑकलंड. ऐनवेळी पेरूतलं लिमाही घातलंय, कारण आकडे बघाल तर अगदी माझ्या पट्टीत बसतं.

राहून आलेल्यांनी सांगा. आठवडाभर फिरून "काय मस्त हवा होती" म्हणणाऱ्यांचं ऐकून झालंय.

पागोळी

ताई, लिस्बनमध्ये मी दोन हिवाळे काढले आहेत, तेव्हा त्याबद्दल हक्काने बोलते.

बाहेर 14 अंश, छान ऊन. घरात 13 अंश आणि ऊन नाही. घरी आल्यावर टोपी घालायची आणि बाहेर पडताना काढायची, असा उलटा प्रकार मी तिथेच पाहिला. जुन्या इमारतींना हीटिंग नाही, भिंतींना इन्सुलेशन नाही, खिडक्या एकेरी काचेच्या. हिवाळा "सौम्य" म्हणून घर गरम ठेवायची सोय करायची कुणाला गरजच वाटली नाही. आणि तिथला पाऊस हिवाळ्यातच पडतो, म्हणजे थंडी आणि ओल हातात हात घालून येतात. डिसेंबरात कपाट भिंतीपासून सरकवलं तर मागे बुरशीचा नकाशा! ओल शोषणारं यंत्र घेतलं, त्याची टाकी रोज ओतावी लागायची. मला दमा नाही, तरी फेब्रुवारीपर्यंत खोकत होते.

उन्हाळ्याचंही सांगून ठेवते. ऑगस्ट 2018 मध्ये तिथे 44 अंशांची नोंद झाली आहे. तुमच्या सरासरीच्या तक्त्यात तो दिवस कुठे दिसणार?

उंटावरून

काका म्हणून बोलतो, राग मानू नका. सरासरी हा आकडा या कामाचा नाही. रात्री 8 आणि दुपारी 28 याचीही सरासरी 18 आणि दिवसरात्र 18 याचीही 18.

मेडेयीन, क्वेंका ही मंडळी विषुववृत्ताजवळची. तिथे ऋतू सरळ उंचीवर ठरतो. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, हिशोब एवढाच. मेडेयीन 1500 मीटरवर आहे, म्हणून दुपारी 27-28 आणि रात्री 17 च्या आसपास, वर्षभर. क्वेंका 2500 च्या वर, तिथे दुपार विशीची आणि रात्र 9-10 ची, तीही वर्षभर. तुमच्या यजमानांचे सांधे रोज रात्री धरणार, आणि उन्हाळा येऊन सोडवेल म्हणावं तर उन्हाळाच नाही. ज्याला आपण वसंत म्हणून हुरळतो तो वर्षभर हलत नाही, हे आधी ध्यानात येत नाही.

अडीच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट असतो. दम्याच्या माणसाने तिथे आधी डॉक्टरांना विचारून मग महिनाभर राहून बघावं. ऊनही फसवं. अंगाला गार लागतं, पण दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. पहिल्या आठवड्यात माझ्या कानांची सालपटं निघाली होती.

इक्वाडोरची आणखी एक गोष्ट. वीज मुख्यतः पाण्यावर. 2024 मध्ये दुष्काळ पडला तेव्हा दिवसाला 14 तासांपर्यंत वीज जायची. लॅपटॉपवर पोट असलेल्यांनी हे वाचून घ्यावं.

मेडेयीन तुमच्यासाठी जवळपास जमलं असतं, पण शहर अरुंद खोऱ्यात आहे. वर्षातून दोनदा, विशेषतः मार्चच्या आसपास, ढग खाली बसतात आणि गाड्यांचा धूर वर जायला वाट उरत नाही. दमेकऱ्याने तेवढे आठवडे शहराबाहेर काढायचे ठरवलं तरच.

टोपीवाला

सोपा उपाय: दोन घरं, दोन देश, महिन्यातून एकदा मधल्या विमानतळावर भेट. 😄

अर्धीबाही

@टोपीवाला, नवऱ्याला वाचून दाखवलं. जरा जास्तच वेळ विचार करत होता.

@उंटावरून काका, राग कसला. तक्त्यातून क्वेंका काढलं. पण मग बघायचं तरी काय?

दवबिंदू

माझं टोपणनाव बघूनच कळलं असेल मी काय सांगणार.

तीन गोष्टी बघा. सर्वांत थंड महिन्यातलं रात्रीचं किमान. सर्वांत गरम महिन्यातलं रात्रीचं किमान (दुपारचं कमाल नव्हे, झोप रात्री लागायची असते). आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते. सापेक्ष आर्द्रतेचे टक्के बघू नका, ते तापमानाबरोबर वरखाली होतात. दवबिंदू 16 च्या खाली असेल तर हवा मोकळी वाटते. 20 च्या पुढे अंग चिकटायला लागतं. 24 ला 27 अंशांतही जीव गुदमरतो.

आता लिमा. ताई, तुमचा तक्ता कुठे फसतो ते दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही. शेजारून हम्बोल्ट नावाचा थंड सागरी प्रवाह जातो, म्हणून विषुववृत्तापासून जेमतेम 12 अंशांवर असूनही पारा आटोक्यात. पाऊस जवळजवळ शून्य. कागदावर स्वर्ग! पण जून ते ऑक्टोबर डोक्यावर राखाडी गोधडी पांघरलेली. सूर्य आठवडेच्या आठवडे दिसत नाही. पाऊस म्हणावा असा पडत नाही, पण बारीक झिमझिम आणि धुकं सतत, त्याला तिकडे 'गारुआ' म्हणतात. वाळत टाकलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमट. थर्मामीटर 16 दाखवतो आणि हाडं 10 म्हणतात. दमा असलेल्याला मी पाठवणार नाही.

पागोळी

+1. टॉवेल तीन दिवसांत वाळतो की नाही, हे कुठल्याच तक्त्यात नसतं.

सड्यावरचा

ऑकलंडबद्दल कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. जुलैची सरासरी 11, उन्हाळ्याची 20. आकडे गोड. पण घरं लाकडी, जुनी घरं गळकी म्हणावी इतकी गार, आणि हवा दमट. इतकी तक्रार झाली की 2019 मध्ये सरकारला नियम आणावे लागले: भाड्याच्या घरातली बैठकीची खोली 18 अंशांपर्यंत तापवता येईल असा हीटर मालकाने बसवलाच पाहिजे. 18 अंशांसाठी कायदा करावा लागतो यातच काय ते समजा. दम्याचं प्रमाणही न्यूझीलंडमध्ये जगात वरच्या रांगेत आहे. आणि कौशल्याच्या आधारावर कायम वास्तव्य मागायचं तर वयाची अट 55. तुम्ही काठावर आहात, त्यामुळे हा पर्याय ठेवायचा असेल तर तक्ते बाजूला ठेवून आजच अर्ज वाचा.

वाऱ्याचीदिशा

कॅनरीत चार वर्षं झाली, अजून तिथेच आहे. सुरुवातीलाच सांगतो, "लास पाल्मास की तेनेरीफ (कॅनरीतलंच दुसरं बेट)" हा प्रश्न अर्धवट आहे. बेटाचं नाव विचारू नका. घर बेटाच्या कुठल्या अंगाला आणि किती उंचीवर आहे ते विचारा.

व्यापारी वारे ईशान्येकडून येतात. समुद्र थंड प्रवाहाचा, त्यामुळे वारा गार आणि ओलसर. तो डोंगराला अडला की उत्तरेच्या उतारावर ढग साचतात. दक्षिणेला तोच वारा कोरडा होऊन उतरतो. तेनेरीफवर मध्ये तेईदे ज्वालामुखी उभा आहे, 3715 मीटर. त्याच्या एका बाजूला हिरवं जंगल आणि दुसऱ्या बाजूला निवडुंग, मध्ये गाडीने तासभराचं अंतर. मी आधी ला लागूनाला घर घेतलं होतं, साडेपाचशे मीटरवर. टुमदार गाव, पण जानेवारीत मी स्वेटरसकट पांघरुणात शिरायचो. घरमालक म्हणायचे, "इथे थंडी नसतेच." तेही घरात कोट घालूनच बोलत असत! सहा महिन्यांत किनाऱ्याला उतरलो आणि कोट देऊन टाकला.

लास पाल्मास किनाऱ्यालाच आहे. फेब्रुवारीत सरासरी 18, ऑगस्टमध्ये 24 च्या जवळपास. ताई, तुमची पट्टी सगळ्यात जास्त इथे जुळते. उन्हाळ्यात शहरावर ढगांचं झाकण असतं, त्याला स्थानिक लोक गमतीने गाढवाचं पोट म्हणतात. पर्यटक नाक मुरडतात, पण उकाड्याला भिणाऱ्यासाठी ते छप्परच आहे.

आता खोट. सहारातून धूळ येते, तिला 'कालिमा' म्हणतात. हवा पिवळी, पारा एकदम वर, घसा खरखरीत. फेब्रुवारी 2020 मध्ये इतकी आली की विमानतळ बंद ठेवावे लागले. एरवी वर्षातून काही वेळा, दोन-तीन दिवस. यजमानांनी ते दिवस खिडक्या लावून, आत हवा गाळणारं यंत्र लावून काढायचे. माझ्या शेजारणीला दमा आहे, ती असंच करते आणि बाकी वर्ष मजेत असते. प्रत्येकाचा दमा वेगळा, एवढं मात्र खरं.

व्हिसाचं नीट वाचा, इथे बरेच जण आपटतात. स्पेनचा जो 'काम न करता राहण्याचा' परवाना आहे, त्यावर लॅपटॉपवरचं कामही चालत नाही. काम परदेशातल्या कंपनीचं असलं तरी नाही. तुम्ही कमावत्या आहात, म्हणजे तुम्हाला दुरून काम करणाऱ्यांसाठीचा वेगळा व्हिसा बघावा लागेल, तो 2023 पासून सुरू आहे. यजमान तुमच्यावर अवलंबून म्हणून येऊ शकतात. आणि वर्षात 183 दिवसांहून जास्त राहिलात की कर तिथे भरायचा, हे आधी सल्लागाराकडून समजून घ्या. हवा बघायला आलो आणि कर लागला, असं नको.

उंटावरून

गाढवाचं पोट! हे मला ठाऊक नव्हतं.

चढउतार

मदैरावाली मी. फुंचालला दीड वर्ष होते, आईसाठी परत यावं लागलं, नाहीतर आले नसते.

हवा: वरचे दादा म्हणाले तेच, समुद्राचं यंत्र एकच. फेब्रुवारीत 16-17, ऑगस्टमध्ये 23 च्या आत-बाहेर. पण फुंचाल म्हणजे समुद्रातून उभी वर चढलेली भिंत आहे. बंदराजवळ ऊन असताना वर माँतला, साडेपाचशे मीटरवर, धुक्यात हात दिसत नाही. दलाल फोटोत समुद्र दाखवतात, उंची सांगत नाहीत. मी नियम केला होता: 150 मीटरच्या वरचं घर बघायलाच जायचं नाही.

सांध्यांचं म्हणाल तर थंडीने धरणार नाहीत, चढाने धरतील. दुकानापर्यंत जायला दोनशे पायऱ्या हा तिथे विनोद नाही. बसच्या थांब्यापासून दारापर्यंत स्वतः चालून बघा, पिशवी घेऊन.

ओढ्याच्या काठचं घर स्वस्त मिळालं तरी नको. 20 फेब्रुवारी 2010 ला डोंगरावरून जे पाणी आणि दगड आले त्यात 40 हून जास्त माणसं गेली. ऑगस्ट 2016 मध्ये वणवा थेट शहरात उतरला होता. सौम्य हवा वर्षातले 360 दिवस असते. उरलेल्या पाचांसाठी जागा निवडायची.

आणि वारा. विमानतळाच्या धावपट्टीचा काही भाग खांबांवर उभा आहे आणि विमानतळ आडव्या वाऱ्यासाठी प्रसिद्ध. उड्डाणं रद्द होतात. रोजचं वैद्यकीय सगळं तिथे होतं, पण मोठ्या विशेषज्ञासाठी लिस्बन गाठावं लागू शकतं, म्हणजे हजारेक किलोमीटर. दम्यासाठी चालेल, हृदयाचं काही असेल तर दोनदा विचार करा.

कोरडाठाक

मी वेगळा सूर लावतो. 29 जून 2021 ला कॅनडातल्या लिटनमध्ये 49.6 अंश झाले. जुलै 2022 मध्ये इंग्लंडने 40 ओलांडले. दोन्ही ठिकाणी बहुतेक घरांत एसी नव्हता, कारण कधी लागलाच नव्हता. पुढच्या वीस वर्षांत कुठली हवा कशी राहील यावर पैज लावण्यापेक्षा चांगलं बांधलेलं घर आणि चांगलं इस्पितळ शोधा. चांगल्या घरात वाईट हवा निभते.

दवबिंदू

घराचं पटलं. पण समुद्राने वेढलेली छोटी बेटं आणि खंडाच्या पोटातलं गाव एका तराजूत घालू नका. लिटन दरीत आहे, आजूबाजूला कोरडा मुलूख. थंड समुद्राशेजारी पारा इतका उसळत नाही. उसळलाच तर धुळीच्या वाऱ्यामुळे, आणि तो दोन-तीन दिवसांत उतरतो.

अर्धीबाही

सगळ्यांचे आभार. तक्ता पुसला, नवा केला. आता रकाने असे: रात्रीचं किमान, दवबिंदू, घराची उंची, घराचं तोंड कुठे, भिंतीला ओल आहे का, कोणता व्हिसा.

उरले लास पाल्मास आणि फुंचाल. ठरलंय असं: येत्या जानेवारी-फेब्रुवारीत दोन्हीकडे तीन-तीन आठवडे भाड्याने, हॉटेलात नाही, आणि घर मुद्दाम जुन्या इमारतीत. मग ऑगस्टमध्ये पुन्हा. नवरा म्हणतो पायऱ्या तो मोजेल, धूळ आली तर झेलेलही. घर विकायचं की नाही हे तोवर नाही.

@पागोळी, ओल मोजायचं छोटं यंत्र नेलं तर ते कुठे ठेवायचं? खोलीच्या मधोमध?

पागोळी

मधोमध ठेवलंत तर ते खोटं बोलेल. उत्तरेकडच्या भिंतीला लागून, कपाटाच्या मागे ठेवा. सकाळी उठल्या उठल्या आकडा बघा, खिडकी उघडण्याआधी. सलग आठवडाभर 65 टक्क्यांच्या वर असेल तर ते घर नको, मालक कितीही गोड बोलू दे.