थंड देशात घरात वाढवलेली कमी तिखट मिरची : आपापले अनुभव लिहा

भजीला किंवा भरून तळायला लागणारी बेताच्या तिखटाची मिरची थंड देशातही खिडकीत चांगली येते. भावनगरीच्या जागी स्वीट बनाना नावाची लांबट, गोडसर मिरची चालते. तेल-मीठ लावून परतायला पाद्रोन (स्पेनची) आणि शिशितो (जपानची) या छोट्या मिरच्या. पेरणी कधी, कुंडी केवढी, काय बिघडलं आणि का, हे आकड्यांसकट लिहा. "छान आली" एवढ्याने पुढच्याला काही कळत नाही.

स्टॉकहोम
पेरणी फेब्रुवारीच्या मध्यावर, बी अर्धा सेंमी खोल. माती २५ ते २८ अंश असेल तर ८-१४ दिवसांत उगवतं. १८ च्या खाली तीन आठवडेही लागतात आणि ओल जास्त असेल तर बी कुजतं. ट्रे थेट हीटरवर नको, मध्ये लाकडी फळी हवी.

खरी चूक उगवल्यानंतर होते. ऊब तशीच आणि उजेड कमी, की दोन दिवसांत रोपं सुतासारखी लांबतात आणि आडवी पडतात. म्हणून पहिला कोंब दिसताच ऊब २०-२२ वर आणा आणि वर २०-२५ सेंमीवर पांढरा एलईडी १४-१६ तास लावा. मार्चपर्यंत इथल्या खिडकीतल्या उन्हावर विसंबू नये.

एडिनबरा
माझा मुद्दा फुलगळीचा. रात्री हीटिंग बंद झालं आणि काचेजवळ तापमान १३-१४ च्या खाली गेलं की परागकण नीट तयार होत नाहीत. आधी फुलाचा देठ पिवळा पडतो, मग नुसतं बोट लागलं तरी फूल सांध्यातून सुटून हातात येतं. कुंडी रात्री काचेपासून दूर, पडद्याच्या आतल्या बाजूला ठेवा. घरात वारा नसतो, त्यामुळे दुपारी फुलांच्या देठांना हलकी टिचकी मारावी. इलेक्ट्रिक टूथब्रशची मागची बाजू देठाला दोन सेकंद टेकवली तर अधिक चांगलं.

हॅम्बुर्ग
पहिली कुंडी ९ सेंमीची, मुळं तळाशी दिसली की ७-१० लिटरची. एकदम मोठ्या कुंडीत लावू नका: माती दिवसेंदिवस ओली राहते, मुळं गुदमरतात, वर चिलटं होतात. तीन भाग कंपोस्ट, एक भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे). वरची दोन सेंमी माती सुकली की भरपूर पाणी, आणि बशीत साचलेलं ओतून टाकायचं. पहिली कळी आल्यावर टोमॅटोच्या झाडांसाठी मिळणारं द्रवरूप खत आठवड्यातून एकदा. नत्र जास्त झालं तर नुसती पानंच. बाल्कनीत न्यायची असेल तर मेच्या मध्यानंतर, तेही आठवडाभर सवय लावून.

टोरांटो
हिवाळ्यातल्या कोरड्या गरम हवेत लाल कोळी (पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड) हमखास. पानावर बारीक फिकट ठिपके दिसले की पान उलटून बघा. आधी कोमट पाण्याने पानांची खालची बाजू धुवा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली सौम्य साबण घालून दर पाच दिवसांनी तीनदा फवारा. मावाही यानेच जातो.

पुन्हा एडिनबरा
तिखटाबद्दल राहिलं. पाद्रोन ४-५ सेंमीची असतानाच खुडा. जून झालेली किंवा पाण्याचा ताण पडलेली चांगलीच झणझणते. तिखटपणा मुख्यतः बियांना धरून असलेल्या पांढऱ्या शिरेत असतो, तेव्हा भरायच्या मिरचीतून ती शीर काढून टाकावी.