गोठा-कोठाराला पातळ काँक्रीट कवच: पत्र्यापेक्षा सरस की नसती आफत?

वक्रतुंड:
माझं मत सरळ आहे: शेतावर पत्र्याऐवजी फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीत सिमेंट-वाळूचा मसाला भरून केलेल्या पातळ कवचाची) कमान घाला. ८ मीटर गाळा (दोन टेकूंमधलं अंतर), २ मीटर चढ (माथ्याची टेकूंपासून उंची), १० मीटर लांबी धरली तर छत साधारण ९२ चौ.मी. होतं. जाडी ३० मिमी, म्हणजे मसाला पावणेतीन घनमीटर. सिमेंट-वाळू वजनाने १:२, पाणी सिमेंटच्या ०.४ पट, वाया जाणारं धरून ५० किलोच्या ४० गोण्या. मधोमध वेल्ड मेश (जाड तारांची वेल्ड केलेली जाळी), दोन्ही अंगांना चिकन मेशचे (बारीक तारेच्या खुराड्याच्या जाळीचे) दोन-दोन थर. वाऱ्याने उडत नाही, वाळवी लागत नाही, मध्ये खांब नाही.

आडवारेटा:
माल मोजलात, रेटा (कमान टेकूंना बाहेर ढकलते तो जोर) कुठाय? कवचाचं वजन चौ.मी.ला सुमारे ७५ किलो, वरचा भार तेवढाच धरू. रेटा = भार × गाळ्याचा वर्ग ÷ (८ × चढ), म्हणजे मीटरला ६०० किलो. नुसत्या विटांच्या भिंतीवर टेकवलंत तर भिंत बाहेर सरकणार आणि माथ्याला आतून भेग पडणार.

वक्रतुंड:
कडेला तुळई आणि दर २ मीटरवर टाय (दोन्ही कडा आत ओढून धरणारी आडवी सळई). १२०० किलोला १६ मिमी सळई पुरून उरते.

आडवारेटा:
आणि ट्रॉली उलटवताना हौदा त्याच टायला अडकणार! कोठारात कमान थेट पायापासून उचला, टाय जमिनीखाली घ्या.

ओलगोठा:
कोठाराला हरकत नाही, गोठ्याला माझा विरोध. जाळीवर कव्हर (मसाल्याचा झाकणारा थर) जेमतेम ३ ते ५ मिमी, तार मिलिमीटरभरही जाड नाही. ३० मिमी काँक्रीट उष्णता अडवत नाही. थंडीत रात्री छत गार पडतं आणि जनावरांच्या श्वासाच्या वाफेचं आतून पाणी होतं. ती ओल आणि कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सिमेंटचा गंजरोधक अल्कधर्म कमी होणं) मिळून जाळी गंजते, पोपडे सुटतात. मूरघास साठवलात तर आम्लही सिमेंट खातं.

वक्रतुंड:
माथ्याला झरोका ठेवला की वाफ निघून जाते.

ओलगोठा:
झरोका आराखड्यातच हवा, कडा जाड करून. नंतर फोडलात तर कमानीचा दाब जाणार कुठून?

थापी:
तुम्ही दोघं कागदावर भांडताय. कवच बिघडतं ते भरताना. एकाच बाजूने मसाला थापला की तारांमागे पोकळी राहते. आतून फळी धरायला दुसरा माणूस हवाच. घट्ट मसाला जाळीत शिरत नाही म्हणून गवंडी हळूच पाणी वाढवतो, मग आकसून जाळीच्या चौकटीसारख्या भेगा येतात. जाळीचा जोड किमान १० सेंमी एकमेकांवर चढवा. गोणपाट १४ दिवस ओलं ठेवा. माथा सगळ्यात आधी सुकतो, तिथे दुर्लक्ष नको. साचा काढल्यावर हातोडीने टकटक करा आणि पोकळ वाजेल तेवढा भाग फोडून पुन्हा भरा. एवढी देखरेख जमत नसेल तर खुशाल पत्रा घाला.