प्राणायामानंतरचा जप: मोठ्याने की मनातल्या मनात?

प्रश्न: प्राणायामानंतर मी ॐकाराचा जप करते, परंतु काही वेळाने उच्चार यांत्रिक होऊन मन भरकटते. जप मोठ्याने करावा की मनात, आणि तो श्वासाशी कसा जुळवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: परंपरेत जपाचे वाचिक (मोठ्याने), उपांशु (केवळ ओठ हलवत) आणि मानस (मनातल्या मनात) असे तीन प्रकार मानले असून मनुस्मृतीत मानस जपाला सर्वांत श्रेष्ठ म्हटले आहे, तथापि नवख्या साधकाने थेट तिथून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे, कारण कानावर पडणारा आवाज मनाला धरून ठेवतो. आधी स्पष्ट उच्चार, मग केवळ ओठांची हालचाल आणि ती आपोआप थांबली की मौन, हा क्रम सोयीचा पडतो. यांत्रिकपणाबद्दल म्हणाल, तर पतंजलींनी 'तज्जपस्तदर्थभावनम्' या सूत्रात जपासोबत अर्थाचे चिंतनही सांगितले आहे, आणि तेच बहुधा सुटते.

प्रतिसाद २: मला श्वासाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात 'ॐ मणि पद्मे हुम्' आणि ख्रिस्ती जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना, या दोन्हींमुळे श्वासगती मिनिटाला सुमारे ६ पर्यंत उतरल्याचे आढळले होते. ॐकारातील शेवटचा 'म्' लांबवताना मात्र दम कोंडू नये. १०८ मण्यांचा हट्टही सुरुवातीला नको.

प्रतिसाद ३: मानस जपासाठी 'सोऽहम्' करून पाहावे, श्वास घेताना 'सो' आणि सोडताना 'हम्', त्यामुळे मेळ वेगळा घालावा लागत नाही.