‘दम लागतो का?’ हा प्रश्नच अपुरा आहे

रानजाई:
आईला सीओपीडी आहे, श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागतो तो कायमचा आजार. विडीला कधी हात लावला नाही, चाळीस वर्षं चूल फुंकली. परवा तपासणीत विचारलं, "सपाटीवर बरोबरीच्या बायकांपेक्षा हळू चालता का?" ती "नाही" म्हणाली. खोटं नव्हतं ते. ती आता कुणाबरोबर चालतच नाही. दळण शेजारचा मुलगा आणतो, पाणी वहिनी भरते, देवळात जाणं दोन वर्षांपूर्वी सुटलं. कागदावर मात्र एमएमआरसी या दमाच्या ० ते ४ मोजपट्टीवर श्रेणी १, म्हणजे त्रास कमीच.

ही मोजपट्टी १९५०च्या सुमारास वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या तपासण्यांतून आली. चढ, घाई, सपाटी, शंभर मीटर. घरातल्या रोजच्या कामांपैकी विचारते ते फक्त कपडे बदलण्याबद्दल, तेही शेवटच्या श्रेणीत. आईला धाप लागते ती केस धुताना, लुगडं नेसताना. आधी ‘काय काय सोडलंत?’ विचारा, मग दमाचं.

बोळातली_चाल:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, पटलं नाही. काम सुटलं ते फुप्फुसामुळेच, हे कशावरून? गुडघे असतील, मोतीबिंदू असेल, सुनेचा आग्रह असेल. म्हणून मी चालवून बघते. ३० मीटरचा बोळ, ६ मिनिटं, मध्ये थांबलात तरी घड्याळ चालू. किती मीटर झाले, ऑक्सिजन कुठवर उतरला, समोर दिसतं. पुढच्या खेपेला ३० मीटर वाढले तर फरक पडला असं म्हणता येतं. "बरं आहे हो" म्हणणाऱ्या बाईंचा ऑक्सिजन चालताना ८५ टक्क्यांवर आलेला मी पाहिलाय. नुसत्या सांगण्यावर राहिले असते तर?

दोन_जिने:
मी स्वतः पेशंट. चालण्यात मी बरा निघतो. पण फळीवरचा डबा काढायला हात वर केले की छाती भरून येते. खांद्या-मानेचे जे स्नायू श्वासाला मदत करत असतात, तेच हात उचलण्यात गुंततात. संडासात उकिडवं बसून उठलो की दोन मिनिटं भिंत धरून उभा. तुमच्या बोळात हे कुठे कळतं ताई? त्यापेक्षा कॅट या सीओपीडीच्या प्रश्नावलीचे ८ प्रश्न बरे, ४० पैकी गुण. घरातल्या कामांबद्दल विचारतात तरी.

रानजाई:
घरकामाची वेगळी प्रश्नावलीही आहे, लंडन चेस्ट. १५ कामं, प्रत्येकी ० ते ५, गुण जास्त तितका दमाचा अडथळा जास्त. ‘दुसऱ्याने करून द्यावं लागतं’ याला ५, ‘मी तसंही करत नसते’ याला ०. वहिनी करते त्या कामाबद्दल आई काय सांगेल? "मी नाही करत." झाला शून्य! सगळ्यात जास्त अडलेली बाई बेरजेत सगळ्यात धडधाकट.

बोळातली_चाल:
शून्याचा मुद्दा मान्य. तिथे ‘आधी करत होतात का, कधीपासून बंद?’ हे विचारायलाच हवं, उद्यापासून विचारेन. पण चालवणं मी सोडणार नाही. आईंना कुणी चालवून पाहिलंय का?

रानजाई:
नाही. श्रेणी १ आली म्हणून पुढे पाठवलंच नाही. सोमवारी चिठ्ठी मागते. सुटलेल्या कामांची यादीही बरोबर नेते, आज रात्री तिच्याजवळ बसून लिहीन.