सिप्लाचे युसुफ हमीद: दानशूर की हुशार धंदेवाईक?

पेठकर:
एका ग्रुपवर औषधधंद्यातून दानधर्माकडे वळलेल्या लोकांची यादी फिरत होती, त्यात सिप्लाच्या युसुफ हमीदांचं नाव होतं आणि खाली लगेच कुणीतरी टाकलं की हा निव्वळ धंदा, दान कसलं. मला ते जाम खटकलं म्हणून इथे धागा काढतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वडील ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ ला मुंबईत सिप्ला काढली, आई लिथुआनियाची ज्यू, युसुफ १९३६ चे, जन्म विल्नियसचा पण वाढले मुंबईत, मग केंब्रिजला पीएचडी आणि १९६० पासून कंपनीत.

आता मुद्दा. २००० च्या आसपास एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च एका पेशंटमागे १० ते १५ हजार डॉलर होता, म्हणजे आफ्रिकेत ती औषधं नसल्यातच जमा. सप्टेंबर २००० मध्ये हा माणूस ब्रसेल्सच्या बैठकीत उभा राहून म्हणाला की मी ८०० डॉलरला देतो, ज्या सरकारला बनवायचीय त्याला तंत्र फुकट देतो आणि आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून लागणारं नेव्हिरापिनही फुकट देतो. कुणी पुढे आलं नाही. तरी गप्प न बसता फेब्रुवारी २००१ ला भाव ३५० डॉलरवर आणला, दिवसाला एक डॉलरच्या आत! आयुष्यभर रग्गड कमवून म्हातारपणी चेक फाडणारे खूप आहेत, पण विकतानाच भाव पाडणारा मला तरी जास्त मोठा वाटतो.

हिशेबनीस:
पेठकर, आदर मलाही आहे पण दान म्हणू नका. ३५० हा भाव डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या सेवाभावी डॉक्टरांच्या संस्थेला होता, सरकारांना ६०० सांगितला होता, म्हणजे हिशेब पक्का होता. ती मूळ औषधं शोधायला पैसा दुसऱ्यांनी घातला, आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाला प्रॉडक्ट पेटंट, म्हणजे खुद्द औषधावरच एका कंपनीचा हक्क, नव्हतं, वेगळ्या पद्धतीने तेच बनवता यायचं, म्हणून हे करता आलं. पुढे एड्ससारख्या आजारांसाठी पैसा देणारा आंतरराष्ट्रीय ग्लोबल फंड आला, अमेरिकेचा एड्स मदत कार्यक्रम पेपफार आला, ऑर्डरी भारतीय कंपन्यांकडेच वळल्या. आणि इथे देशात काय? जादा किंमत लावली म्हणून सरकारने वसुली काढली तेव्हा हीच सिप्ला सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली. मी फार्मा सेल्समध्ये आहे, कंपनी कंपनीसारखीच वागते, तिला देव्हाऱ्यात बसवलं की तिच्या भावावर प्रश्न विचारायची लोकांची सवय जाते आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते.

मिरजेची ताई:
हिशेबनीस दादा, कायद्याचं बरोबर बोललात पण कायदा तर सगळ्यांनाच होता, भाव जाहीर करायला आधी कोण उभं राहिलं ते पण बघा ना. मी आमच्या भागात एचआयव्हीच्या पेशंटांचं समुपदेशन करायचे, सरकारी केंद्रात औषधं फुकट मिळायला लागली १ एप्रिल २००४ नंतर, त्याआधी घरातलं सोनं नाणं गेलं, रान गेलं, आणि दोघांना लागण असेल तर औषध नवऱ्याला, बायको तशीच, हे मी घराघरात बघितलंय. तीन वेगवेगळ्या गोळ्या, वेळा सांभाळायच्या आणि शेजाऱ्यापासून डब्या लपवायच्या. सिप्लाने २००१ ला ट्रायोम्यून काढली, तिन्ही औषधं एकाच गोळीत, सकाळ-संध्याकाळ एकेक बास. ती तीन औषधं परदेशात तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालकीची होती त्यामुळे तिथे एका गोळीत येईनात. गोळी एकच झाली की ती पदराच्या गाठीत पण मावते, आणि माणूस डोस चुकवत नाही.

एक मात्र सांगते, त्या तीन औषधांत एक स्टॅव्ह्युडिन होतं, वर्षा-दोन वर्षांनी गाल बसायचे, पायाला मुंग्या यायच्या, गाल बघून गाव ओळखायचं. पुढे डब्ल्यूएचओनेच ते बंद करा म्हणून सांगितलं. पण तोवर माणसं जगली होती, पोरं शाळेत गेली होती.

केमिस्ट्रीवाली:
माझा आक्षेप वेगळाय. व्यक्ती म्हणून देणगी दिली ती कुठे, केंब्रिजला. २०२० पासून तिथल्या केमिस्ट्री डिपार्टमेंटला त्यांचं नाव आहे. आमच्या इथल्या विद्यापीठांच्या लॅबमध्ये साधं सॉल्व्हंट संपलं तर पुढच्या खरेदीची वाट बघत बसावं लागतं. जिथे शिकले तिथे दिलं, समजू शकते, पण पैसा इथल्या आजारांवर उभा राहिला ना.

वारजेकर:
ताई, इथेही दिलंय की. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचं दुखणं कमी करणारं केंद्र, १९९७ पासून आहे, म्हणजे ब्रसेल्सच्या आधीपासून. कॅन्सरच्या पेशंटला पैसे लागत नाहीत, सोबत घरचं माणूस राहू शकतं. माझ्या मावशीला शेवटी तिथे नेलं होतं, दुखणं इतकं होतं की चादर अंगाला लागली तरी ओरडायची, तिथे मॉर्फिन सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून वेणी घालून मागितली. यातून कुणाची कसली विक्री वाढते सांगा. बरं होणारच नाही अशा माणसावर खर्च करायचा म्हणजे धंद्याच्या वहीत त्याला रकानाच नाही.

हिशेबनीस:
वारज्याचं मान्य, ते दानच. औषधाच्या भावाला मात्र मी अजूनही दान म्हणणार नाही.

पेठकर:
मग २०१२ चं घ्या. किडनी-लिव्हरच्या कॅन्सरवरचं सोराफेनिब, मूळ कंपनीचं महिन्याला २ लाख ८० हजार. सिप्ला २८ हजारला विकत होती, ते एका झटक्यात ६,८४० वर आणलं.

हिशेबनीस:
अहो त्याच्या दोनच महिने आधी सरकारने नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय तेच औषध बनवायची मुभा, दिला होता, ८,८०० च्या आसपास भाव ठरला होता! स्पर्धा आली म्हणून उतरला की दया आली म्हणून, तुम्हीच सांगा.

मिरजेची ताई:
नॅटकोच्या भावाच्याही खाली का गेले मग? बरोबरीवर थांबले असते तरी माल खपलाच असता. आणि दादा, २००५ ला कायदा बदलला, आता नवीन औषधाला प्रॉडक्ट पेटंट आहे, तशी एका गोळीची सोय नव्या औषधांत कुणाला सहज करता येणार नाही. हमीदांना दानशूर म्हणा नाहीतर व्यापारी, माझ्या रजिस्टरातल्या बायकांना पुढचं औषध कुठल्या भावात मिळणार त्यावर बोलूया, पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावर सेकंड लाइनच्या, म्हणजे पुढच्या टप्प्यातल्या औषधांवर गेलेल्या किती जणी आहेत ते मला माहितीये.