रोशा तेलाची जंतुरोधक चाचणी कशी करावी? सल्ला हवा

सातपुड्याची_लेक:
नमस्कार मंडळी. एमएस्सी वनस्पतिशास्त्र, दुसरं वर्ष. प्रकल्पाला आमच्या नंदुरबारकडचं रोशा गवत घेतलंय. फुलोऱ्यावर कापलं, सावलीत सुकवलं, क्लेव्हेंजरवर (ऊर्ध्वपातनाचं काचेचं उपकरण) तेल काढलं. डोंगरउतारावरचं एका बाटलीत, ओढ्याकाठचं दुसऱ्या. एका बाटलीतलं तेल कागदी चकतीवर घालून, ती जंतूंच्या थरावर ठेवून तपासलं: चकतीभोवती जंतू न वाढलेलं वलय स्टॅफिलोकॉकसवर १४ मिमी, ई. कोलायवर जेमतेम ८. तुलनेला घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचं २८. सर म्हणाले, तेलात दम नाही. आजी जन्मभर हेच तेल गुडघ्यांना चोळायची, म्हणून मन मानत नाही. दुसरी कोणती चाचणी करू?

काचपात्र:
ताई, या दोन वलयांची तुलना करूच नका. आगर (जंतू वाढवायची जेली) म्हणजे बहुतेक पाणीच, तेल त्यात पसरत नाही, वरून थोडं उडूनही जातं. सिप्रो मात्र सहज पसरतं. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं तेलाचं कमीत कमी प्रमाण, काढा. तेल ट्वीन ८० मध्ये (तेल पाण्यात मिसळायला मदत करणारा पदार्थ) मिसळा, दर खळग्यात निम्मं करत जा. नुसत्या ट्वीनची एक रांग हवीच. गढूळपणा डोळ्यांनी जोखू नका, तेलाचं मिश्रण मुळातच दुधाळ दिसतं. रेझाझुरिन या निळ्या रंगद्रव्याचे थेंब घाला. जंतू जिवंत असतील तिथे निळ्याचा गुलाबी होतो. आणि वरून चिकटपट्टी लावा. मी गवती चहाच्या तेलाची प्लेट उघडी ठेवली होती, वाफेने शेजारची तेल न घातलेली रांगसुद्धा मेली. आठवडा वाया गेला.
ई. कोलायला बाहेरून जास्तीचं आवरण असतं, तिथे कमी परिणाम दिसणं नेहमीचंच.

अत्तरदाणी:
आधी तेल कोणतं ते ठरव गं. रोशाचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. दिसायला सारखेच. मोतियात गुलाबासारख्या वासाचं जेरॅनिऑल भरपूर, सोफियात बरंच कमी. पूर्वी गुलाबाच्या अत्तरात भेसळ व्हायची ती मोतियाची. जीसी-एमएस (तेलातले घटक ओळखणारी चाचणी) करून घे, त्याशिवाय निकालाला अर्थ नाही.
आजीचं म्हणशील, तर गुडघेदुखी आणि जंतू हे वेगळे प्रश्न. एमआयसी कितीही चांगली आली तरी सांधेदुखीबद्दल ती काही सांगत नाही. अहवालात ते दोन्ही एकत्र करू नकोस.

सातपुड्याची_लेक:
दोघांचे मनापासून आभार. आत्ताच दोन्ही बाटल्या उघडून हुंगल्या. उतारावरच्या तेलाला गुलाबासारखा वास आहे, ओढ्याकाठचं आल्यासारखं झणझणीत. चाचणीला मी ओढ्याकाठचंच वापरलं होतं. सोमवारी दोन्ही नमुने जीसी-एमएसला देते आणि एमआयसीला दोन्हींच्या वेगळ्या रांगा लावते.